‘हर्पिस पॉझिटिव्ह’ म्हणजे नेमके काय?

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. पाथर्डी तालुक्यातल्या एका गावाहून एक जोडपे माझ्या दवाखान्यात आले. बरोबर सासूबाई होत्या. मुलीचे वय बावीस-तेवीस. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्याच्या आतच गर्भपात झाला. कुणी तरी सुचवले म्हणून ऊसतोडीच्या उचलीतले पैसे मोडून ‘टॉर्च’ नावाची रक्ततपासणी करून आणली होती. रिपोर्टमध्ये एका ओळीखाली लाल रेघ मारलेली होती : ‘हर्पिस सिम्प्लेक्स १ व २, आयजीजी पॉझिटिव्ह’. हा बाहेरच्या संबंधांतून होणारा रोग आहे, असे गावात कुणी तरी सांगितले होते. नवरा खाली मान घालून बसला होता. सासूबाईंनी सरळच विचारले, “डॉक्टरसाहेब, हिला घरात ठेवायची का माहेरी धाडायची, ते तुम्हीच सांगा.”

असे रिपोर्ट घेऊन येणारी जोडपी मी नेहमी पाहतो. म्हणून आज या तपासणीविषयी थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम एक गैरसमज दूर करू. हर्पिस म्हटले की आपल्याकडे ‘नागीण’ आठवते. कमरेवर किंवा छातीवर पट्ट्यासारखी उठणारी नागीण ही कांजिण्यांच्या विषाणूमुळे होते. तिचे नाव हर्पिस झोस्टर. हर्पिस सिम्प्लेक्स हा त्याच घराण्यातला, पण वेगळा विषाणू आहे. ताप उतरल्यावर ओठाच्या कडेला पाणी भरलेले बारीक फोड येतात, ते याचे काम. त्याचे दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार बहुधा लहानपणीच, घरातल्या मोठ्या माणसांनी घेतलेल्या पाप्यांतून किंवा लाळेतून लागतो. दुसरा प्रकार मुख्यतः शरीरसंबंधातून पसरतो आणि जननेंद्रियांवर फोड आणतो. पहिला प्रकारही कधी कधी तेथे आढळतो.

पहिला प्रकार किती सर्रास आहे पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतील सुमारे ३८० कोटी माणसांना, म्हणजे शेकडा ६४ जणांना, तो झालेला आहे. दुसऱ्या प्रकाराचा आकडा १५ ते ४९ वयोगटात सुमारे ५२ कोटी आहे. बहुतेकांना आपल्या अंगात हा विषाणू आहे याचा पत्ताही नसतो.

विषाणूची हत्यारे

हा विषाणू इतका लहान असतो की एका मिलिमीटरमध्ये सुमारे पाच हजार विषाणू ओळीने बसतील. त्याच्या पोटात डीएनएचा धागा असतो. सुमारे १ लाख ५२ हजार अक्षरांच्या त्या धाग्यात सत्तरहून अधिक प्रथिने बनवण्याची कृती लिहिलेली असते. वरच्या आवरणावर साखरेचा अंश असलेली डझनभर प्रथिने काट्यांसारखी उभी असतात. शास्त्रज्ञांनी त्यांना जीबी, जीसी, जीडी अशी अक्षरांची नावे दिली आहेत.

प्रत्येकाचे काम ठरलेले. ‘जीडी’ हे आपल्या पेशीवरच्या कुलपात किल्लीसारखे बसते. मग ‘जीबी’ हे आणखी दोन प्रथिनांच्या मदतीने विषाणूचे आवरण पेशीच्या आवरणात मिसळून टाकते आणि वाट मोकळी होते. आपले शरीर या काट्यांविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. प्रतिपिंडे म्हणजे रक्तातले पहारेकरीच. पण हा विषाणू भलता हुशार. त्याची ‘जीई’ आणि ‘जीआय’ ही प्रथिने मिळून प्रतिपिंडाचे शेपूट पकडून ठेवतात, त्यामुळे पहारेकऱ्याचा जोर कमी पडतो. शिवाय विषाणू मज्जातंतूंतून मागे जाऊन त्यांच्या गाठीत झोपून राहतो. ओठाचा विषाणू कानाजवळच्या आतल्या गाठीत, खालच्या अंगाचा पाठीच्या कण्याच्या खालच्या भागात. झोपेत तो आपली प्रथिने जवळजवळ बनवतच नाही. मग पहारेकऱ्याने ओळखायचे कशावरून? ताप, कडक ऊन, थकवा, पाळी अशा निमित्ताने तो जागा होतो आणि पुन्हा फोड येतात.

म्हणूनच एकदा तयार झालेली आयजीजी प्रतिपिंडे बहुधा जन्मभर राहतात. आयजीजी पॉझिटिव्ह याचा अर्थ एवढाच की, विषाणू कधी तरी अंगात शिरलेला आहे. केव्हा शिरला, कुणाकडून आला, शरीराच्या कोणत्या भागात आहे, यातले काहीही त्या कागदावरून कळत नाही.

एक की दोन?

दोन्ही प्रकारांची बरीचशी प्रथिने इतकी सारखी असतात की, एकाविरुद्धची प्रतिपिंडे दुसऱ्यालाही चिकटतात. संपूर्ण विषाणू वापरून केलेल्या जुन्या तपासण्यांना त्यामुळे दोघांतला फरक कळत नसे. १९८०च्या दशकात ‘जीजी’ या प्रथिनाकडे लक्ष गेले. हे प्रथिन दोन्ही प्रकारांत बरेच वेगळे असते. केवळ दुसऱ्या प्रकाराचे ‘जीजी’ तपासणीच्या वाटीच्या तळाला चिकटवायचे, त्यावर रुग्णाच्या रक्तातील पाणी टाकायचे आणि धुऊन काढायचे. नेमकी प्रतिपिंडे असली तर ती चिकटून राहतात. मग रंग आणणारे द्रव्य टाकले की रंग दिसतो. याला एलायझा म्हणतात. रंग जितका गडद, तितका आकडा मोठा.

मात्र येथेही सावधगिरी हवी. आकडा पॉझिटिव्हच्या रेषेच्या थोडाच वर असेल, तर निकाल चुकीचा असू शकतो. दुसऱ्या प्रकाराच्या तपासणीत अशी खोटी पॉझिटिव्ह उत्तरे येऊ शकतात, अशी सूचना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२३ साली दिली. अशा वेळी वेगळ्या पद्धतीने खात्री करून घ्यावी लागते. नुकताच संसर्ग झालेला असेल, तर उलट प्रतिपिंडे दिसायला काही आठवडे, कधी तीन महिनेही लागतात.

‘आयजीएम’ची गोष्ट आणखी फसवी. ते पॉझिटिव्ह म्हणजे ताजा संसर्ग, असे समजले जाते. पण हर्पिसमध्ये जुना विषाणू पुन्हा जागा झाला तरी ते दिसू शकते, आणि दुसऱ्याच विषाणूमुळेही. केवळ त्यावर औषधे सुरू करणे किंवा गर्भ काढण्याचा विचार करणे चुकीचे आहे.

तपासणी योग्य जागी वापरली तर तिचे मोल मोठे असते. याचे उदाहरण आपल्या शेजारच्या पुण्यातले आहे. राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था तेथे १९९२ साली सुरू झाली. १९९३ ते २००० या काळात पुण्यातील गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्या रुग्णांचा अभ्यास झाला आणि तो २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यातील शेकडा ४३ जणांच्या रक्तात दुसऱ्या प्रकाराची प्रतिपिंडे सुरुवातीलाच होती. ज्यांना हा संसर्ग नुकताच झाला, त्यांना एचआयव्ही होण्याचा धोका सुमारे पावणेचार पट दिसला. हा आकडा त्या दवाखान्यांतील रुग्णांचा आहे, गावातल्या सर्वसाधारण माणसांचा नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

गर्भपाताशी संबंध आहे का?

वारंवार होणाऱ्या गर्भपाताचे कारण शोधायला ‘टॉर्च’ तपासणीचा उपयोग होत नाही. सुरुवातीच्या महिन्यांतले निम्म्याच्या आसपास गर्भपात हे गर्भाच्या गुणसूत्रांतील दोषामुळे होतात. त्यात आईचा काही अपराध नसतो. पुन्हा पुन्हा गर्भपात होत असेल तर थायरॉईड, साखर, गर्भाशयाची सोनोग्राफी, रक्त गोठण्यासंबंधीच्या तपासण्या आणि गरज पडल्यास दोघांची गुणसूत्रे पाहावीत.

हर्पिसचा खरा धोका असतो तो बाळंतपणाच्या वेळी. गरोदरपणाच्या अखेरच्या दिवसांत आईला पहिल्यांदाच जननेंद्रियाचा हर्पिस झाला, तर बाळाला तो लागण्याचा संभव शेकडा ३० ते ५० असतो. संसर्ग जुना असेल तर तो शेकडा एकाहूनही कमी असतो, कारण आईची प्रतिपिंडे वारेतून बाळाला आधीच मिळालेली असतात. ज्या आयजीजीला ती मुलगी भीत होती, तेच उद्या तिच्या बाळाचे रक्षण करणार होते.

मी त्या मुलीला विचारले, “ताई, ताप आला की ओठाला फोड येतात का?” ती म्हणाली, “लहानपणापासून येतात. माझ्या आईलाबी येतात.” तेवढ्यात सासूबाईच म्हणाल्या, “त्यात काय, मलाबी येतात की. उन्हात खुरपायला गेलं की हमखास.”

“मग मावशी,” मी म्हणालो, “तुमचे रक्त तपासले तर तुमचाही रिपोर्ट असाच येईल.”

सासूबाई बराच वेळ गप्प बसल्या. त्या रिपोर्टच्या मागे मी लिहून दिले : ‘या तपासणीवरून चारित्र्याविषयी काहीही सांगता येत नाही. गर्भपाताचे कारण यातून ठरत नाही.’ पुढच्या तपासण्यांत मुलीचे थायरॉईड कमी निघाले. तिला गोळी सुरू केली. गेल्या महिन्यात तिघेही पुन्हा येऊन गेले. तिला माहेरी धाडण्याचा विषय कुणी काढला नाही.

वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे. ओठावर फोड असताना तान्ह्या बाळाचा पापा घेऊ नये. जननेंद्रियांवर फोड किंवा जखमा असतील तर लाज न बाळगता डॉक्टरांना दाखवावे. फोड ताजे असताना त्यातील स्रावाची पीसीआर तपासणी रक्ततपासणीपेक्षा अधिक उपयोगी पडते. गरोदर स्त्रीने पूर्वी असा त्रास झाला असल्यास तो आवर्जून सांगावा. डोळा लाल होऊन दुखू लागला तर दुकानातून स्टेरॉईडचे थेंब आणून घालू नयेत. हर्पिस असेल तर बुबुळ खराब होते. असायक्लोव्हिर हे औषध गुणकारी आहे, पण ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे.

आणि रिपोर्ट हाती आला की तो आधी डॉक्टरांकडून समजून घ्यावा, गावात दाखवत फिरू नये.