अधिकाऱ्यांच्या भेटीसाठी विनंतिपत्र कसे लिहावे

उल्हास नदीस मोठा पूर आला म्हणजे काठच्या भातखाचरांत गाळ व रेती साचते. २०१९ च्या जुलैअखेरीस बदलापूर ते वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती, हे वाचकांस स्मरत असेल. गाळाचा थर ३ इंचांहून अधिक असल्यास तो काढण्यासाठी आपत्ती निधीतून साहाय्य देण्याची तरतूद आहे. मात्र पंचनाम्यापूर्वी गाळ उपसला तर पुरावा राहात नाही. आणि पंचनाम्याची वाट पाहात बसल्यास पुढील लावणी हुकते. अशा वेळी अधिकाऱ्यांची भेट लवकर मिळणे अगत्याचे असते.

प्रथम योग्य कचेरी निश्चित करावी. बदलापूर परिसरातील गावे अंबरनाथ तालुक्यात मोडतात. म्हणून तेथील शेतकऱ्यांनी अंबरनाथच्या तहसीलदारांकडे अर्ज करावा. तेथे निर्णय न झाल्यास उल्हासनगर येथील उपविभागीय अधिकारी व त्यानंतर ठाण्याचे जिल्हाधिकारी, असा क्रम ठेवावा. खालची पायरी वगळून लिहिलेले पत्र बहुधा त्याच पायरीवर परत येते व तेवढे दिवस वाया जातात. लोकशाही दिनात वैयक्तिक गाऱ्हाणी ऐकली जातात; अनेक शेतकऱ्यांचा सामाईक प्रश्न असेल तर भेटीसाठी स्वतंत्र पत्र देणेच इष्ट होय.

पत्र एका पृष्ठाचे असावे व त्यात एकच मागणी असावी. रस्ता, वीज, पाणी व गाळ ही सर्व गाऱ्हाणी एकत्र केल्यास पत्र कोणत्या शाखेकडे पाठवावे हेच ठरत नाही. पुढील नमुना उपयोगी पडेल :

प्रति,
मा. उपविभागीय अधिकारी, उल्हासनगर.

विषय : पुराने गाळ साचलेल्या शेतजमिनीच्या पंचनाम्याविषयी भेटीची वेळ मिळणेबाबत.

महोदय,
मौजे ...... , ता. अंबरनाथ येथील ...... खातेदारांच्या खाचरांत दि. ...... च्या पुराने सुमारे ...... इंच गाळ साचला आहे. मा. तहसीलदारांकडे दि. ...... रोजी अर्ज दिला असून अद्याप पंचनामा झालेला नाही. तो होण्यासंबंधी आमचे तीन प्रतिनिधी आपणांस भेटू इच्छितात. आपल्या सोयीची १५ मिनिटांची वेळ कृपया कळवावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
(नावे, सह्या, पत्ता, दूरध्वनी क्रमांक)

सोबत : पूर्वीच्या अर्जाची पोच, सातबारा उतारे, गट क्रमांकांची यादी, छायाचित्रे.

छायाचित्र घेताना गाळात मोजपट्टी उभी धरावी, म्हणजे थराची जाडी दिसून येते. पत्राच्या दोन प्रती कराव्या. एक आवक शाखेत देऊन दुसरीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्यावा. आठवड्याने त्याच क्रमांकाचा उल्लेख करून चौकशी करावी.

भेटीस जाताना मूळ कागद बरोबर न्यावे व बोलणाऱ्या एकाची निवड आधीच करावी. भेटीत जे ठरेल ते दुसऱ्याच दिवशी लेखी कळवावे. अन्यथा तोंडी आश्वासनाची नोंद कोठेही राहात नाही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा नमुना पावसाळ्यापूर्वीच ग्रामपंचायतीत लावावा. पाणी ओसरताच कोऱ्या जागा भरून पत्र त्याच दिवशी रवाना करता येईल.