जुना एसी : दुरुस्ती की निरोप?

मार्च उजाडतो, हिवाळाभर बंद असलेला एसी सुरू केला जातो. पंखा फिरतो, पण खोली गार होत नाही. मेकॅनिक येऊन 'गॅस संपला' असे सांगतो, काही हजार रुपये घेतो आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच संवादाची पुनरावृत्ती होते. दहा-बारा वर्षे जुन्या यंत्रावर असा खर्च करीत राहावे की नवे घ्यावे? याचे उत्तर यंत्राच्या वयापेक्षा बिघाडाचे स्वरूप आणि आतील गॅस यांवर अधिक अवलंबून असते.

मुळात एसीतील गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंदिस्त नळ्यांतून फिरत राहतो. कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहेच. ती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे. नळ्यांत दाबाने नायट्रोजन भरून सांध्यांवर साबणाचे पाणी लावले की बुडबुडे जागा दाखवितात. ही चाचणी ग्राहकाने आग्रहाने करून घ्यावी. गळती सांध्यात असेल तर काम किरकोळ. मात्र मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेने कॉइललाच बारीक छिद्रे पडली असतील, तर एक बुजवावे तोच दुसरे उघडते.

बाहेरचे युनिट नुसतेच घुमत असेल, तर अनेकदा दोष काही शे रुपयांच्या कपॅसिटरचा असतो. त्यासाठी यंत्र मोडीत काढणे हा शुद्ध अपव्यय होय. कॉम्प्रेसर निकामी झाल्यास प्रश्न गंभीर; तथापि त्याची हमी अनेकदा यंत्राच्या हमीहून दीर्घ असते, म्हणून आधी हमीपत्र पाहावे.

गॅसचे नाव यंत्रावरील पट्टीवर छापलेले असते. तेथे 'आर-२२' असेल तर सावध व्हावे. ओझोन थराला घातक असलेला हा वायू मॉन्ट्रियल करारानुसार भारतासारख्या देशांत २०३०पर्यंत जवळजवळ संपुष्टात यायचा आहे. त्यानंतर २०४०पर्यंत केवळ दुरुस्तीपुरता अल्प साठा मिळेल. 'आर-२२ ऐवजी आर-३२ भरतो' ही सूचना मात्र साफ नाकारावी. आर-३२चा दाब बराच जास्त असतो आणि तो पेट घेऊ शकतो. जुनी यंत्रे त्यासाठी बनविलेलीच नसतात.

उरला विजेचा हिशेब. उदाहरणादाखल, दीड टनाचा जुना एसी तासाला सरासरी सव्वा युनिट आणि नवा पंचतारांकित इन्व्हर्टर एसी अर्धा युनिट घेतो असे धरू. रोज सहा तास, चार महिने वापर असल्यास सुमारे ५४० युनिट वाचतात. दहा रुपये दराने ५,४०० रुपये. चाळीस हजारांचा एसी फिटण्यास सात वर्षांहून अधिक काळ लागेल. वापर केवळ मे महिन्यातील रात्रींपुरता असेल, तर बचतीच्या भरवशावर नवी खरेदी करू नये. दिवसभर एसी चालणाऱ्या दवाखान्याचे गणित अर्थातच निराळे.

जुन्या यंत्रावरील ताऱ्यांवरही विसंबू नये. २०१८ च्या निकषांनुसार ४.५ कार्यक्षमतेच्या स्प्लिट एसीला पाच तारे मिळत. जुलै २०२२पासून त्यासाठी किमान ५ आवश्यक झाले.

एसी काढायचाच ठरल्यास तो भंगारवाल्याकडे न देता नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे किंवा विक्रेत्याच्या बदली योजनेत द्यावा. भंगारात नळी कापली जाते आणि उरलेला गॅस थेट हवेत जातो.