50 वर्षे धूळ खात पडलेली 'सोनेरी' गाडी पुन्हा उजेडात. किंमत ऐकून व्हाल थक्क!

एकेकाळी जिला बघायला झुंबड उडायची, ती गाडी अचानक दिसेनाशी झाली. 'गोल्डन सहारा' तिचं नाव. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या डेटन शहरात ती जवळपास 50 वर्षे एका गॅरेजमध्ये पडून होती.

अपघातातून जन्म
कॅलिफोर्नियातील जॉर्ज बॅरिस हे गाड्यांचं रूप पालटणारे नामांकित कारागीर. त्यांची 1953 ची नवीकोरी लिंकन गाडी गवत वाहणाऱ्या ट्रकच्या मागे घुसली अन् टप कापला गेला. दुसऱ्या कोणी ती भंगारात घातली असती. बॅरिस यांनी मात्र तिच्यावरच शोसाठी खास गाडी बांधली. रंगाला मोत्यासारखी झाक यावी म्हणून माशांच्या खवल्यांचा अर्क वापरला.

काळाच्या पुढची गाडी
पुढे डेटनचे जिम स्ट्रीट यांनी तिच्यात मोठे बदल केले. गुडइयर कंपनीचे टायर तर चक्क आतून दिव्यांनी उजळायचे! गाडी रिमोटवर चालवण्याची सोय होती. समोर अडथळा आला की आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणाही होती. आज नव्या गाड्यांच्या जाहिरातीत हेच कौतुकाने सांगतात. 1960 च्या 'सिंडरफेला' या हॉलिवूड चित्रपटातही ती झळकली.

सापडली, पण कशी?
स्ट्रीट यांनी नंतर गाडी गॅरेजमध्ये ठेवली, ती कायमचीच. 2017 मध्ये त्यांचं निधन झालं. पुढच्या वर्षी गाडी इंडियानापोलिसच्या लिलावात आली, तेव्हा रंगाची पार रया गेली होती, टायर खराब झाले होते. तरीही बोली साडेतीन लाख डॉलरपर्यंत चढली! शिकागोच्या संग्राहकाने ती घेऊन दुरुस्त केली. गुडइयरने पुन्हा उजळणारे टायर बनवून दिले. 2019 मध्ये जिनिव्हाच्या मोटार शोमध्ये ती पुन्हा दिमाखात उभी राहिली.

एवढी किंमत का?
गाडीची हेळसांड झाली, पण तिचे भाग सुटे करून कुणी विकले नाहीत. गंज काढता येतो, रंग पुन्हा देता येतो. मात्र एकाच गाडीसाठी हाताने घडवलेला भाग एकदा भंगारात गेला, की तो परत मिळत नाही. 'गोल्डन सहारा' वाचली ती एवढ्याच कारणाने.