खारावर जगलेलं लोणार

मेहकरहून लोणारला निघालं की वाटेत सुलतानपूर लागतं आणि तिथून थोड्याच वेळात लोणार येतं. आलेली बहुतेक माणसं सरोवराच्या कडेला उभी राहतात, फोटो काढतात आणि सिंदखेडराजाची नाहीतर शेगावची वाट धरतात. गावात फारसं कुणी शिरत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण याच सरोवराच्या खारावर या गावानं पिढ्यान्‌पिढ्या पोट भरलं आहे.

सरोवराचं पाणी खारट आहेच, शिवाय कमालीचं अल्कधर्मी आहे. त्याचा सामू दहाच्या आसपास असतो. उन्हाळ्यात पाणी मागं सरलं की काठावर आणि उथळ जागी खार साकळायचा. तो गोळा करायचा, वाळवायचा, निवडायचा आणि विकायचा, हा इथला हंगाम. डल्ला, निमक डल्ला, खप्पल, पापडी, भुस्की अशी त्याच्या प्रतींची नावं होती. बांगड्यांची काच करताना वाळूत हा खार, म्हणजे सोडा, पडला की ती कमी आचेवर वितळते, म्हणून बांगड्या करणाऱ्यांना तो हवा असायचा. साबण करणारे आणि रंगारीही त्याचे गिऱ्हाईक होते. कोणता खडा कशाला चालेल, हे प्रयोगशाळेविना, नजरेनं आणि हातानं ठरवणाऱ्या त्या माणसांची नावं कुठंच लिहिलेली नाहीत. लोणारच्या इतिहासातलं सगळ्यांत मोलाचं ज्ञान मी त्यालाच म्हणेन.

या उत्पन्नाकडे राज्यकर्त्यांचं लक्ष होतंच. 1596च्या सुमारास वऱ्हाड अकबराच्या ताब्यात गेलं. ‘ऐन-ए-अकबरी’त मेहकर सरकारातल्या लोणारची नोंद आहे: काच आणि साबणाला लागणारं सगळं इथं मिळतं, त्यावर चांगला महसूल येतो आणि ब्राह्मण या स्थळाला विष्णुगया म्हणतात. धंदा आणि तीर्थ, दोन्ही एकाच नोंदीत!

इंग्रज साहेबांच्या नजरेत हे सरोवराचं विवर 1823 साली आलं, ते अलेक्झांडर या अधिकाऱ्यामुळे. हा ज्वालामुखीचा प्रकार असावा, असं पुढं बराच काळ मानलं गेलं. 1896मध्ये गिल्बर्ट या अमेरिकन भूवैज्ञानिकानं ॲरिझोनातल्या प्रचंड विवराचा उलगडा करताना लोणारचा दाखला दिला. तेही वाफेच्या स्फोटानं झालं, असा त्याचा निष्कर्ष होता. दोन्ही विवरं उल्कापाताचीच निघाली. लोणारचा निर्णायक पुरावा 1973 साली प्रसिद्ध झाला: प्रचंड आघातानंच बनणारं मॅस्केलिनाइट इथल्या खडकात सापडलं. वयाचा वाद मात्र मिटलेला नाही. एका पद्धतीनं ते सुमारे 52 हजार वर्षं येतं, तर दुसरीनं पावणेसहा लाखांच्या घरात जातं.

जून 2020मध्ये पाणी गुलाबी झालं आणि लोणार पुन्हा बातम्यांत आलं. पाणी आटून खारटपणा वाढला, त्यात खारप्रेमी सूक्ष्मजीव फोफावले, आणि तो रंग त्यांचाच होता. त्याच वर्षी सरोवराचा आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत समावेश झाला.

गावानं या खाऱ्या पाण्याची आपली गोष्ट कधीच रचून ठेवली होती. लवणासुर इथं भूमीखाली दडून बसला आणि विष्णूनं त्याला मारलं. ही कथा दगडात पाहायची तर गावातल्या दैत्यसूदन मंदिरातच जायला हवं. मंदिर यादवकाळाच्या आसपासचं, बाहेरून ताऱ्यासारखं कोनाकोनांचं आहे. शिखर पुरं झालेलं नाही. आत विष्णू दैत्यावर उभा आहे आणि छतावर पुराणकथा कोरल्या आहेत. आत बराच अंधार असतो, तेव्हा बॅटरी जवळ ठेवा आणि मान वर करून सावकाश पाहा. सरोवर आधी की मंदिर आधी असं कुणी विचारलं, तर मी मंदिरच सांगेन.