व्याख्यानानंतर काय उरतं?

१८३१ साली मुंबईत एक जाहीर वाद झाला. एका बाजूला स्कॉटलंडहून दोनच वर्षांपूर्वी आलेले मिशनरी जॉन विल्सन, दुसऱ्या बाजूला मोरभट्ट दांडेकर. विषय धर्माचा होता, म्हणजे आवाज चढले असणारच. पण तोंडी वादावर प्रकरण थांबलं नाही. मोरभट्टांनी हिंदू धर्माच्या बाजूने मराठीत पुस्तक लिहिलं आणि विल्सन यांनी पुढच्या वर्षी त्याला पुस्तकानेच उत्तर दिलं. दोघांचं म्हणणं आज आपण तपासू शकतो ते त्यांनी छापल्यामुळे.

हेच विल्सन पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. चाहत्यांनी त्यांच्या गौरवार्थ जमवलेल्या निधीतून विद्यापीठात भाषाशास्त्रावरच्या व्याख्यानांची सोय झाली. विद्यापीठात व्याख्यान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचा लांबलेला परिचय आणि त्याहून लांबलेलं आभारप्रदर्शन येतं. ‘विल्सन फिलॉलॉजिकल लेक्चर्स’चा घाट वेगळा होता. एक रक्कम बाजूला ठेवायची, तिच्या व्याजावर एका अभ्यासकाला बोलवायचं आणि एका विषयावर सलग काही व्याख्यानं त्याच्याकडून करवून घ्यायची. पाऊण तासाच्या भाषणावर सुटका नाही म्हटल्यावर अभ्यासकाला विषयाची अख्खी मांडणीच करावी लागते.

१८७७ साली हे काम रामकृष्ण गोपाळ भांडारकरांकडे आलं. तेव्हा ते चाळिशीत होते. १८६२ साली मुंबई विद्यापीठाची पहिली पदवीधर तुकडी बाहेर पडली, तिच्यात न्या. रानड्यांबरोबर तेही होते. विद्यापीठाने घडवलेला माणूस पंधरा वर्षांनी त्याच विद्यापीठात व्याख्याता म्हणून उभा राहिला. त्यांनी सात व्याख्यानं दिली. संस्कृतपासून सुरुवात करून पाली, प्राकृत, अपभ्रंश या वाटेने ते मराठी, गुजराती, हिंदी, सिंधी अशा बोलत्या भाषांपर्यंत आले. उच्चार कसे झिजले, जुन्या विभक्तींचे अवशेष कुठे टिकले, नवी रूपं कशी जुळली, हे त्यांनी क्रमाने मांडलं. मराठी ही संस्कृताची बिघडलेली लेक नसून नियमाने बदलत आलेली भाषा आहे, असं एखाद्या शाळामास्तराने आज सहज सांगावं, यामागे या कामाचा मोठा वाटा आहे.

ही व्याख्यानं पुस्तकरूपाने एकत्र आली १९१४ साली. मधे सदतीस वर्षं गेली. व्याख्याता दरम्यान मुंबई विद्यापीठाचा कुलगुरू होऊन निवृत्तही झाला होता. नरसिंहराव दिवेटिया यांनी १९१५-१६ मध्ये याच मालेत गुजराती भाषा-साहित्यावर व्याख्यानं दिली. त्यांचा पहिला खंड १९२१ ला निघाला, दुसरा १९३२ ला. सुमित्र मंगेश कत्रे १९४१ साली बोलले आणि त्यांचं पुस्तक १९४४ ला आलं. त्या मानाने ही घाईच म्हणायची. अ. मा. घाटग्यांची व्याख्यानं विद्यापीठाने १९६२ मध्ये छापली. सभागृहात कोण बसलं होतं, किती जणांना डुलकी लागली, हे आता कुणी सांगू शकणार नाही. पुस्तकं मात्र ग्रंथालयांत आहेत आणि भाषेचे विद्यार्थी अजून ती उघडतात.

या साऱ्या कथेत एक खटकणारी गोष्ट आहे. ज्या विल्सन यांनी मुंबईत आल्याआल्या मराठी शिकून घेतली, त्यांच्या नावाने चालणारी व्याख्यानं इंग्रजीत झाली. मराठीवर बोलायचं तेही इंग्रजीतून. विद्यापीठाचा स्वभावही तसाच होता. विद्यापीठाच्याही आधी, १८४८ साली, एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या विद्यार्थ्यांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ काढली होती. निबंध वाचायचे, त्यांवर चर्चा करायची, असा तिचा शिरस्ता. पण इंग्रजीत एकमेकांना ऐकवून काय साधणार, असं त्या पोरांना लगोलग वाटलं असावं. त्याच वर्षी मराठी आणि गुजराती ज्ञानप्रसारक शाखा निघाल्या. मराठी शाखेचे अध्यक्ष होते दादोबा पांडुरंग. मंडळी निबंधांवर थांबली नाहीत. १८४९ मध्ये त्यांनी मुलींच्या शाळा सुरू केल्या. शिकवायला पगारी मास्तर नव्हते, विद्यार्थीच वेळ काढून शिकवत. दादाभाई नौरोजी त्यांच्यातलेच. महाविद्यालयाच्या आवारातलं व्याख्यान आपल्याकडे विद्यार्थ्यांनी सुरू केलं आणि लगोलग ते देशी भाषांत नेलं, हे आजच्या संयोजकांच्या सहसा गावी नसतं.

१८५७ मध्ये विद्यापीठ आलं आणि आवारात इंग्रजीचं राज्य पक्कं झालं. मराठी व्याख्यानाला बाहेर जागा शोधावी लागली. ती पुण्यात मिळाली. १८७५ साली रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली. वक्तृत्वोत्तेजक सभेच्या नावाने ती अजूनही एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात भरते. विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी एकाने मराठीतल्या वादचर्चेसाठी विद्यापीठाबाहेर मांडव घालावा, याहून बोलकी टीका कोणती? आणि तोच माणूस विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात मराठीला परत आणण्यासाठी आयुष्याच्या अखेरपर्यंत झगडला.

पुण्यात स्वतंत्र विद्यापीठ नव्हतं तेव्हा त्या धर्तीचं काम गोखले अर्थशास्त्र संस्थेने केलं. साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून ही संस्था १९३० साली उभी राहिली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. काळे स्मृती व्याख्यान ही तिची वार्षिक रीत. २९ जानेवारी १९३९ रोजी गोखले हॉलमध्ये हे व्याख्यान द्यायला आले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. विषय होता, १९३५ च्या कायद्याने येऊ घातलेलं संघराज्य. गोखल्यांच्या नेमस्त परंपरेतल्या या संस्थेत त्यांनी सरकारच्या त्या योजनेचा एकेक सांधा सुटा करून दाखवला. संस्थानिकांना किती झुकतं माप मिळतं, ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रजेच्या हाती काय उरतं आणि स्वातंत्र्याची वाट यातून मोकळी होते की अडते, असा तो हिशेब होता.

तारखेकडेही पाहण्यासारखं आहे. त्याच दिवशी काँग्रेसच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत सुभाषचंद्र बोसांनी पट्टाभी सीतारामय्यांना हरवलं. त्या निवडणुकीतही संघराज्याचा मुद्दा तापलेला होता. काँग्रेसमधले उजवे संघराज्यावर तडजोड करतील, असा बोसांचा आरोप होता. म्हणजे देशभर मतपेटीत ज्या प्रश्नावर झटापट चालली होती, तोच प्रश्न पुण्यात एक माणूस कलमं उलगडून समजावत होता. ‘फेडरेशन व्हर्सेस फ्रीडम’ नावाने ते भाषण छापलं गेलं. एका बैठकीत वाचून संपेल इतकं ते लहान नाही. संस्थेने विद्वान बोलावला नसता तर बाबासाहेबांनी हा विषय दुसरीकडे मांडलाच असता, हे खरं. पण या रूपात, या तयारीने, घटनाशास्त्राच्या अभ्यासकासाठी लिहिल्यासारखा मांडला असता का, याची मला शंका आहे.

त्याच १९३५ च्या कायद्याने निर्माण झालेल्या फेडरल कोर्टावर १९३७ साली नेमल्या गेलेल्या पहिल्या न्यायाधीशांत बॅ. मुकुंदराव जयकर होते. पुढे १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झालं, तेव्हा जयकर त्याचे पहिले कुलगुरू झाले. विद्यापीठाला आवार मिळालं ते गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या वाड्याचं. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा सोहळा आटोपून २२ जून १८९७ च्या रात्री प्लेग अधिकारी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट निघाले ते याच वाड्यातून, आणि चापेकर बंधूंनी त्यांना गाठलं ते गणेशखिंडीच्या रस्त्यावर. ज्या आवारात निमंत्रणाशिवाय कुणाला शिरकाव नव्हता, तिथे विद्यार्थी वर्गाला जाऊ लागले.

जयकरांच्या नावाने विद्यापीठाचं ग्रंथालय आहे आणि एक व्याख्यानमालाही. बहिःशाल शिक्षण मंडळातर्फे चालणारी डॉ. बाबासाहेब जयकर व्याख्यानमाला गावोगावच्या महाविद्यालयांत होते. वक्ता एसटीने किंवा स्वतःच्या गाडीने तालुक्याला जातो. समोर पहिल्या वर्षाची मुलं, मागच्या रांगेत गावातले निवृत्त गुरुजी, क्वचित सरपंच. भाषा मराठी, तीही ज्याच्या त्याच्या जिल्ह्याची. १८४८ च्या पोरांनी जे सुरू केलं होतं त्याच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट हीच आहे, असं मला वाटतं. राजधानीतल्या वातानुकूलित सभागृहात होणाऱ्या परिसंवादापेक्षा मी हिला जास्त मार्क देईन.

दुखणं वेगळंच आहे. अलीकडे महाविद्यालयात व्याख्यान ठरलं की पहिली धांदल फोटोची. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलीला जिओटॅग केलेलं छायाचित्र हवं, हजेरीपट हवा, अहवाल हवा. अहवालात पाहुणे कोण, अध्यक्ष कोण, सूत्रसंचालन कुणी केलं, सगळं येतं. वक्ता काय म्हणाला याला दोन ओळी, आणि त्या बहुतेक वेळा ‘मोलाचे मार्गदर्शन केले’ अशा. फाईल जाडजूड होते, व्याख्यान हरवतं.

व्याख्यानांबरोबर आवारातल्या सांस्कृतिक कार्यक्रमांबद्दलही बोलायचं तर पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राचं नाव घ्यायलाच हवं. १९८७ साली स्थापन झालेल्या या केंद्राचे सतीश आळेकर अनेक वर्षं संचालक होते. नाटक हा इथे पदवीचा विषय, त्यामुळे प्रयोग हीच परीक्षा. २ फेब्रुवारी २०२४ ला रामलीलेतल्या नटांच्या पडद्यामागच्या गमतीजमतींवर विद्यार्थ्यांचा प्रयोग चालू असताना अभाविपच्या कार्यकर्त्यांनी तो बंद पाडला. पुढे गुन्हा दाखल झाला, केंद्राचे प्रमुख आणि पाच विद्यार्थी यांना अटक झाली. नाटक चांगलं होतं की वाईट, यावर मी बोलत नाही. पण मोरभट्टांनी विल्सनना पोलिसांत दिलं नव्हतं. त्यांनी पुस्तक लिहिलं, आणि त्यांच्या रागाचं मोजमाप आजही करता येतं.

जयकर मालेपुरती एक सूचना करतो. ती अंमलात यायला कुठल्याही आयोगाची परवानगी लागत नाही. वक्त्याच्या मानधनाचा धनादेश त्याच्याकडून आठ पानी मजकूर आल्यावर काढावा. टंकलेखन महाविद्यालयाच्या कार्यालयाने करावं, आणि वर्षभराची व्याख्यानं एका साध्या बांधणीच्या पुस्तकात विद्यापीठाने छापावीत. काही वक्ते यायचे बंद होतील. त्यांच्या जागी कुणाला बोलवायचं हे संयोजकांना चांगलं ठाऊक असतं. त्यांच्याच महाविद्यालयात, मराठी विभागात किंवा इतिहासाच्या खोलीत, पाच-सात वर्षं एखाद्या विषयामागे लागलेला आणि कुणी विचारलंच नाही म्हणून गप्प बसलेला एखादा प्राध्यापक बहुतेक ठिकाणी सापडतो.