उत्तरेची सीमा आणि रहीमचा चित्रकारखाना

भुसावळहून खंडव्याच्या गाडीत बसलं की रावेरनंतर राज्य बदलतं, केळीचे मळे मात्र बदलत नाहीत. बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे. 1601 पर्यंत ते फारुकी सुलतानांच्या खानदेशाची राजधानी होतं. सीमेपलीकडचं आयुष्य समजून घ्यायला कलावंतांनी एकत्र काम करण्याइतका चांगला मार्ग नाही, असं माझं मत आहे, आणि त्याचा पुरावा याच गावाशी जोडलेला आहे. दख्खनच्या मोहिमांमुळे मुघल सेनापती अब्दुर्रहीम खानखानाचा इथे दीर्घ मुक्काम होता. त्याच्या कारखान्यात साधारण 1597 ते 1605 दरम्यान फारसी रामायण चित्रित झालं. आज ते वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात आहे. चित्रकारांत मुश्फिक, फज्ल, कासिम यांच्याबरोबर श्यामसुंदर आणि गोवर्धन आहेत. पोथी एक, हात अनेक!

कुणी म्हणेल, ही दरबारी पगारी कला, तिच्यावरून लोकजीवन काय कळणार? आक्षेप रास्त आहे. मालक-चाकर नातं होतंच, बरोबरी नव्हती. पण एकमेकांच्या कथा नीट समजल्याशिवाय असं चित्र उभं राहत नाही. शिवाय हा एका सरदाराचा छंद म्हणावा, तर रहीम येण्याआधीच फारुकी सुलतान राजा अली खानाने बांधलेल्या तिथल्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही कोरलेला आहे. आज दोन राज्यांतल्या चित्रकारांची कार्यशाळा भरवायची, तर सुरुवात त्या शिलालेखापासून करावी. भुसावळहून रेल्वेने तासाभराचं अंतर.