डब्याच्या झाकणावरची तारीख

पाळीव पालींच्या बाजारात 1970 च्या आसपास मिळणारी जवळजवळ प्रत्येक पाल रानातून पकडून आणलेली असे. लेपर्ड गेको ही पिवळ्या अंगावर काळे ठिपके असलेली जाड शेपटीची पाल अमेरिकेत आणि युरोपात पोहोचायची ती पाकिस्तानच्या कोरड्या टेकड्यांतून. प्रवासात वाळलेली, जंतांनी पोखरलेली, शेपूट गमावलेली. त्यातल्या अनेक जगत नसत आणि दुकानदार पुढची खेप मागवत. आज हीच पाल जगात सर्वाधिक पाळल्या जाणाऱ्या पालींपैकी एक आहे, आणि दुकानात दिसणाऱ्या बहुतेक सगळ्या पाली कुणाच्या तरी घरातल्या किंवा शेडमधल्या अंड्यातून निघालेल्या असतात. अर्धशतकातल्या या बदलाचा हा मागोवा आहे. माझ्या लेखी त्यातली सर्वांत मोलाची कमाई म्हणजे अंडी उबवणाऱ्यांनी ठेवलेल्या नोंदी. रंगीबेरंगी जातींचा क्रमांक त्यानंतर.

या पालीचं शास्त्रीय वर्णन एडवर्ड ब्लाइद यांनी 1854 मध्ये केलं होतं, पंजाबच्या मिठाच्या डोंगररांगेतल्या नमुन्यावरून. आपल्या भिंतीवरच्या पालीहून ती बरीच वेगळी. तिला हलणाऱ्या पापण्या आहेत, ती डोळे मिटून झोपते. बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नसल्यामुळे ती काचेवर चढत नाही. अंड्यांचाही फरक आहे. भिंतीवरची पाल घड्याळामागे किंवा फोटोच्या चौकटीमागे दोन टणक, पांढरी अंडी घालते आणि ती कोरड्या हवेतही टिकतात. लेपर्ड गेकोचं अंडं मऊ असतं, कवच चामड्यासारखं. ते आजूबाजूच्या ओलाव्यातून पाणी शोषतं आणि उबवणीच्या काळात फुगत जातं. ओल कमी पडली तर आत चेपतं, जास्त झाली तर बुरशी धरते. घरी पैदास करणाऱ्यांची पहिली दहा-पंधरा वर्षं या एका गोष्टीशी झगडण्यात गेली.

उत्तर सापडलं ते बागकामाच्या दुकानात. कुंडीतल्या मातीत मिसळायचं व्हर्मिक्युलाइट आणि पर्लाइट पाण्याने भिजवून, हाताने पिळून, प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात पसरायचं. त्यात अंगठ्याने खळगा करून अंडं अर्धं पुरायचं. उबेसाठी कोंबडीच्या अंड्यांची थर्माकोलची उबवणपेटी. अमेरिकेत ‘होव्हाबेटर’ नावाची अशी पेटी कुक्कुटपालनासाठी तयार होत होती. पालवाल्यांनी तीच उचलली आणि त्यातलं अंडी फिरवणारं यंत्र काढून टाकलं. ते काढणं अत्यावश्यक होतं. कोंबडीचं अंडं वेळोवेळी उलटावं लागतं. पालीच्या अंड्यात मात्र अंडं घातल्यानंतर लवकरच गर्भ वरच्या बाजूच्या आवरणाला धरून बसतो, आणि त्यानंतर अंडं उलटलं तर तो मरू शकतो. म्हणून अंडं उचलण्याआधी वरच्या बाजूला पेन्सिलने बारीक खूण करायची रीत पडली. डब्याच्या झाकणावर मार्करने आई-बापाचं नाव, अंडी घातल्याची तारीख आणि पेटीचं तापमान लिहायचं. ही झाकणं पुढे फार कामी आली.

तापमान लिहिण्यामागे आधी फक्त पिल्लू कधी बाहेर येईल याचा अंदाज हवा होता. गार पेटीत दोन महिन्यांहून अधिक, उबदार पेटीत पाच-सहा आठवडे. पण सरड्या-पालींच्या अंड्यांच्या बाबतीत तापमानाचा अर्थ याहून मोठा होता. सेनेगलमधल्या डकार इथे मॅडलिन शार्निये यांनी 1966 मध्ये आगामा सरड्याची अंडी वेगवेगळ्या तापमानाला उबवली आणि त्यावर पिल्लांचं नर-मादी होणं ठरतं असं दाखवलं. त्या काळी हा निबंध फारशा लोकांनी वाचला नाही. लेपर्ड गेकोत हेच घडतं हे 1980 मध्ये वॅगनर यांनी प्रसिद्ध केलं. पुढे टेक्सास विद्यापीठात डेव्हिड क्रूज यांच्या गटाने या पालीवर दीर्घकाळ काम केलं. 26 अंश सेल्सियसला उबवलेल्या अंड्यांतून जवळजवळ सगळ्या माद्या. 32.5 अंशांच्या आसपास बहुसंख्य नर. त्याहून वर, 34 अंशांकडे गेलं की पुन्हा बहुतेक माद्याच! आणि हे ठरतं ते उबवणीच्या साधारण मधल्या टप्प्यात. सुरुवातीचे आणि शेवटचे दिवस त्याबाबतीत फारसे निर्णायक नसतात.

गटस्के आणि क्रूज यांनी 1988 मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं ते अधिक चकित करणारं होतं. चढ्या तापमानाला जन्मलेल्या माद्या मोठेपणी इतर माद्यांहून आक्रमक निघत होत्या, त्यांचं वागणं नरांकडे झुकत होतं. म्हणजे अंड्यातल्या काही आठवड्यांची ऊब प्राण्याचा स्वभावही घडवते. ही माहिती मला आजही विलक्षण वाटते. घरच्या पैदास करणाऱ्यांनी ती लगेच वापरात आणली. एक पेटी माद्यांची, एक नरांची असे दोन थर्मोस्टॅट लागले. विक्रीच्या डबीवर ‘तापमानानुसार मादी’ असा शब्दप्रयोग सुरू झाला. 1998 मध्ये निघालेल्या ‘द लेपर्ड गेको मॅन्युअल’च्या लेखकांत फिलिप द व्होजोली, पशुवैद्य रॉजर क्लिंगेनबर्ग, पैदास करणारे रॉन ट्रेम्पर आणि अंड्यांच्या तापमानाचा अभ्यास केलेले ब्रायन व्हिट्स अशी चौघांची नावं एकत्र आहेत. प्रयोगशाळा आणि घरची उबवणपेटी एकमेकींच्या किती जवळ आल्या होत्या, हे त्या मुखपृष्ठावरून कळतं.

पिल्लू बाहेर येण्याआधी अंड्यावर घामाचे थेंब दिसतात, फुगलेलं अंडं किंचित बसतं. मग कवचाला एक बारीक चीर पडते. गेकोंच्या पिल्लांना अंडं फोडण्यासाठी दोन दात असतात, जे लवकरच गळून जातात. चिरेतून नाक बाहेर येतं आणि पिल्लू थांबतं. तासन् तास थांबतं. पोटाला लागलेला बलक आत ओढून घेणं बाकी असतं. ज्याला धीर धरवत नाही तो कवच सोलून ‘मदत’ करतो आणि पिल्लू गमावतो. बाहेर आलेलं पिल्लू काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचं असतं, ठिपके नंतर येतात. बोट जवळ नेलं तर चार पायांवर उंच होऊन किंचाळतं. पहिली कात टाकून ती खातं आणि तीन-चार दिवसांनी पहिला रातकिडा पकडतं.

रंगांची लाट आली ती नव्वदच्या दशकात. ट्रेम्पर यांच्याकडे 1996 मध्ये काळा रंग नसलेली पिल्लं निघाली. पुढच्या काही वर्षांत बेल आणि रेनवॉटर या नावांनी ओळखले जाणारे आणखी दोन अल्बिनो वंश आले. तिघांची पिल्लं दिसायला सारखी, पण एका वंशाची पाल दुसऱ्या वंशाशी जुळवली की पिल्लं साध्या रंगाची निघत. दोष वेगवेगळ्या जनुकांत आहे हे पैदास करणाऱ्यांनी प्रयोगशाळेविना, केवळ जोड्या लावून आणि वही ठेवून ओळखलं. ज्यांनी वही नीट ठेवली नाही त्यांच्या पालींत तिन्ही वंश मिसळले आणि कोणती पाल कशाची वाहक आहे हे सांगणं अशक्य झालं.

या लाटेने वाईटही केलं. 2006 च्या सुमारास ‘एनिग्मा’ नावाचा देखणा वंश आला. त्यातल्या अनेक पाली गोल गोल फिरत, मान वाकडी करत, भक्ष्यावर झेप घेताना तोल जाई. तरी त्यांची पैदास चालू राहिली, कारण मागणी होती. हे अक्षम्य आहे असं मी मानतो. जिला समोरचा किडा पकडता येत नाही अशी पाल जाणूनबुजून जन्माला घालण्याचं समर्थन कोणत्याही रंगाने होत नाही.

‘लेमन फ्रॉस्ट’ची कथा याहून गुंतागुंतीची आहे आणि मला ती या सगळ्या काळातली सर्वांत महत्त्वाची वाटते. स्टीव्ह साइक्स या अमेरिकी पैदास करणाऱ्याने 2015 च्या सुमारास लिलावात घेतलेल्या पालींपासून हा वंश वाढवला. अंग उजळ पिवळं, बुबुळं पांढुरकी. थोड्याच काळात संततीच्या कातडीवर पांढऱ्या गाठी दिसू लागल्या. त्या गाठी चकाकी देणाऱ्या रंगपेशींच्या होत्या: ज्या पेशींनी तो रंग दिला, त्याच बेसुमार वाढत होत्या. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले लाँगहुआ गुओ आणि लिओनिद क्रुग्लियाक यांना पालींच्या रंगांची आनुवंशिकता शोधायची होती. साइक्स यांनी त्यांना आपल्या पाली आणि वंशावळ दोन्ही दिली. शंभराहून अधिक पालींचे नमुने तपासून 2021 मध्ये ‘प्लॉस जेनेटिक्स’मध्ये निष्कर्ष आला: खोट स्पिंट-1 या जनुकाच्या जागी होती. माणसातही हे जनुक गाठी रोखण्याशी संबंधित मानलं जातं. या वंशातल्या 80 टक्क्यांहून अधिक पालींना गाठी होत असल्याचं दिसलं. कुठली पिल्लं कुणाची, हे वर्षानुवर्षं लिहून ठेवलं नसतं तर हा शोध लागणं फार अवघड होतं.

इतर पालींबद्दल थोडक्यात. न्यू कॅलेडोनियातला क्रेस्टेड गेको नामशेष मानला जात होता. 1994 मध्ये तो पुन्हा सापडला आणि काही वर्षांत घरोघरी पोहोचला. त्याची अंडी खोलीच्या तापमानालाच उबतात, त्यामुळे पेटीचा प्रश्नच मिटला. ऑस्ट्रेलियाचा बिअर्डेड ड्रॅगन तर लेपर्ड गेकोइतकाच लोकप्रिय आहे. त्याच्या नर-मादीचा निर्णय गुणसूत्रं करतात, पण 32 अंशांच्या वर उबवलेल्या अंड्यांत नराची गुणसूत्रं असलेली पिल्लंही मादी होतात. हे आधी प्रयोगशाळेत आणि 2015 मध्ये रानातही दिसलं. ऑस्ट्रेलियाने मात्र आपल्या वन्यप्राण्यांची व्यापारी निर्यात कित्येक दशकांपूर्वीच बंद केली होती. म्हणजे जगभर आनंदाने पाळल्या जाणाऱ्या या सरड्यांचे पूर्वज मुख्यतः चोरट्या वाटेने बाहेर गेलेले आहेत.

हा प्रश्न आपल्या दाराशीही आहे. लेपर्ड गेकोच्या कुळातल्या जाती भारतात आहेत. युब्लेफारिस फस्कस ही मोठी, तपकिरी पाल महाराष्ट्रात आणि गुजरातेत सापडते. सातपुड्यातली युब्लेफारिस सातपुराएन्सिस 2014 मध्ये झीशान मिर्झा, राजेश सानप आणि सहकाऱ्यांनी नवी जात म्हणून नोंदवली. रात्री झुडपी माळरानात फिरणाऱ्या या पालीला विषारी समजून ठेचलं जातं, आणि तिला विष मुळीच नसतं. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली अशा प्राण्यांना पकडून पाळणं गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. तरीही भारतीय जाती परदेशी पाळणाऱ्यांच्या संग्रहात दिसतात, त्यांची पिल्लं विकली जातात, आणि जाहिरातीत ती ‘पाळीव पैदाशीची’ म्हणवली जातात. तो शब्द त्या पिल्लापुरता खराही असेल. पण ज्या व्यवसायाला प्रत्येक अंड्याची तारीख, तापमान आणि आई-बाप झाकणावर लिहायची सवय पन्नास वर्षांपासून आहे, त्याच्याकडे पहिली जोडी कोणत्या देशातून, कोणत्या साली, कोणत्या परवान्यावर आली याचाही कागद असला पाहिजे. सातपुड्यातल्या पालीची पिल्लं विकायला ठेवणाऱ्या प्रत्येकाकडे घेणाऱ्याने तो मागावा, आणि नसेल तर पाल घेऊ नये.